घरचं दंतमंजन आणि पेस्ट: आधी कोरडं, मग ओलं

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनी काचेची बरणी घेऊन आल्या. आत पांढरट-हिरवी पेस्ट होती आणि झाकणाच्या आतल्या कडेला मोहरीएवढे काळे ठिपके. "वरचं तेवढं काढून टाकलं तर चालतंय की?" चालत नाही. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याच्या कितीतरी खाली गेलेले असतात. ती बरणी आम्ही टाकूनच दिली. त्यांनी सोडा, खोबरेल, तुळशीचा रस आणि थोडी कोरफड एकत्र घोटली होती, तीही महिन्याभराची एकदम.

अशा बरण्या मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी बघायला मिळतात. कोणाची बुरशीनं गेलेली, कोणाची खडीसारखी कचकचणारी, तर कोणाची हिरड्या भाजणारी. सामान बहुतेकांचं बरोबर असतं, क्रम चुकलेला असतो. सगळे एकदम पेस्ट करायला बसतात. खरं काम आहे बारीक आणि कोरडं मंजन करण्याचं. ते एकदा जमलं की त्यातून आठवड्यापुरती पेस्ट कालवायला दहा मिनिटं लागतात. म्हणून खाली मंजनाला जास्त जागा दिली आहे आणि पेस्टला कमी.

आधी हे वाचा: कोणी करू नये

या मंजनात फ्लोराइड नाही. दातांवरचं कवच कीड लागण्यापासून घट्ट ठेवण्यात फ्लोराइडचा वाटा मोठा आहे आणि घरातल्या कुठल्याही झाडपाल्यानं त्याची जागा भरून निघत नाही. ज्यांना वारंवार कीड लागते, तोंड कोरडं पडतं, दातांना तारा लावल्या आहेत किंवा हिरड्या खाली सरकून मुळं उघडी पडली आहेत, त्यांनी बाजारची फ्लोराइडची पेस्टच वापरावी. लहान मुलांनाही तीच द्यावी, तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी.

मोठ्यांसाठी मी सांगते ती सोय अशी: सकाळी घरचं, रात्री झोपताना फ्लोराइडचं. मात्र दोन्ही एकाच वेळी ब्रशवर घेऊ नका. मंजनातलं कॅल्शियम फ्लोराइडला धरून ठेवतं आणि मग ते दातांपर्यंत पोचत नाही.

टप्पा १: सामान आणि वजन

वजनकाट्यानंच मोजा. चमच्याचं माप इथं फसवतं, कारण सोडा जड बसतो आणि ज्येष्ठमधाची पूड फुगून राहते. स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा काटा पुरे.

१०० ग्रॅम मंजनासाठी:

कॅल्शियम कार्बोनेट ६० ग्रॅम
खाण्याचा सोडा १८ ग्रॅम
ज्येष्ठमध ८ ग्रॅम
बाभळीची साल ५ ग्रॅम
सैंधव ४ ग्रॅम
कडुलिंबाची वाळलेली पानं ३ ग्रॅम
लवंग २ ग्रॅम

ही वजनं वस्त्रगाळ झालेल्या पुडीची आहेत, आणलेल्या मालाची नव्हेत. ज्येष्ठमध आणि साल दुप्पट-अडीचपट आणा, कारण दोन्हींचा बराचसा भाग चोथा म्हणून कापडावर राहतो.

कॅल्शियम कार्बोनेट नीट समजून घ्या, सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. 'प्रेसिपिटेटेड' म्हणजे रासायनिक पद्धतीनं बारीक साका बसवून केलेलं, आणि पुड्यावर 'आयपी' असा शिक्का असलेलं, म्हणजे औषधी दर्जाचं घ्या. औषधाच्या किंवा प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात सांगून ठेवलं तर मागवून देतात. रंगकामाची पांढरी पावडर नको. फळ्याचा खडू कुटून घालू नका, तो बहुधा जिप्समचा असतो. पानाचा चुना तर मुळीच नको. "कॅल्शियमच की तो," असं मला एकांनी सांगितलं होतं. चुन्यानं तोंडाची आतली कातडी भाजते. रांगोळीही पांढरी आणि बारीक दिसते, पण तिच्यात दगडाची कच असते.

सोडा म्हणजे खाण्याचा सोडा. पापडखार, धुण्याचा सोडा आणि केकची बेकिंग पावडर या तिन्ही वेगळ्या वस्तू आहेत. पापडखार आणि धुण्याचा सोडा जास्त दाहक असतात, बेकिंग पावडरीत आंबट क्षार मिसळलेला असतो. पुडी सुटी आणली असेल आणि शंका असेल तर वापरू नका, सीलबंद पुडा आणा.

लवंग आणि सैंधव कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या किराणा दुकानात चांगलं मिळतं. लवंग बोटांत दाबून बघा: नखानं दाबल्यावर तेलकट ओल दिसली पाहिजे. कोरडी, हलकी, डोकं गळलेली लवंग तेल काढून घेतलेली असू शकते. ज्येष्ठमध काडीच आणा. तयार पुडीत काय दळलंय ते कळत नाही, आणि ती हवी तेवढी बारीकही नसते.

अंबाबाईच्या देवळाभोवती पूजेच्या सामानाची दुकानं आहेत. तिथली हळद, कापूर देवासाठी आहे, तोंडात घालण्यासाठी नाही. कापूर तर कुठलाच नको. लहान मुलाच्या पोटात थोडासा गेला तरी झटके येऊ शकतात, आणि मंजनाची डबी घरात मुलांच्या हाती लागतेच.

काय घालू नये, एकत्र सांगते

गूळ आणि मध. आपण गुळाच्या मुलखातले, त्यामुळे कडूपणा मोडायला हात आपोआप तिकडे जातो. दोन्हींत साखर आहे आणि तोंडातले जंतू तीच खाऊन आम्ल तयार करतात. गोडी ज्येष्ठमधाची येते, तेवढी पुरते.

लिंबू. सोड्यात पिळलं की फसफसतं आणि लोकांना वाटतं काम करतंय. तो फेस म्हणजे सोडा खर्ची पडतोय. लिंबू जास्त झालं तर उरलेलं आम्ल दाताचं कवच मऊ करतं.

तुरटी. तीही आम्लधर्मी, सोड्याबरोबर नांदत नाही.

राख. शेणीची असो वा गुऱ्हाळाच्या चुलवाणातली. उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर असते. सिलिकेचे कण दाताच्या कवचाहून कठीण असतात. कोळशाची पूडही दात झिजवते, तीही नको.

हळद. घातली तर मोठं नुकसान नाही, पण सोड्याच्या संगतीत ती लाल पडते. आमच्या नात्यातल्या एका मुलीनं हळद घातली, पाणी लागल्याबरोबर पेस्ट विटकरी झाली आणि तिला वाटलं हळदीत भेसळ आहे. भेसळ नव्हती. हळदीला क्षार लागला की रंग असाच फिरतो, पूर्वी हळदीपासून कुंकू करायचे ते याच गुणावर. शिवाय ब्रश आणि बेसिनही पिवळं होतं.

आणि मिश्री. कोल्हापूर-सांगली-सातारा भागात घराघरातल्या बायकांना ही सवय आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. "मंजनात चिमूटभर मिश्री घातली तर जरा तरतरी येईल" असं मला एकीनं विचारलं होतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. हिरडीला रोज तंबाखू चोळणं म्हणजे तोंडाच्या कर्करोगाला वाट देणं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे. ज्यांना मिश्री सोडायची आहे त्यांनी हे मंजन जरूर वापरावं, पण कोरं. पहिले काही दिवस चुकल्यासारखं होतं, डोकं दुखतं, चिडचिड होते. घरच्यांनी तेवढे दिवस सांभाळून घ्यावं, आणि जमत नसेल तर डॉक्टरांची मदत घ्यावी.

तपासणी: कॅल्शियम कार्बोनेटची चिमूट काचेच्या वाटीत घेऊन वर पांढरं व्हिनेगर ओता. बुडबुडे आले पाहिजेत आणि व्हिनेगर भरपूर असेल तर हळूहळू पूड विरघळून गेली पाहिजे. बुडबुडे आलेच नाहीत तर ती भलतीच पावडर आहे. तळाशी कचकच उरली तर वाळू आहे. ही तपासणी सोडा मिसळण्याआधी करायची, कारण सोडाही फसफसतो.

टप्पा २: वाळवणं

आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा इतकी दमट असते की मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं. म्हणून मंजनाचा साठा उन्हाळ्यात करा. वर्षाची चटणी डंकावर न्यायचे, पापड-कुरडया घालायचे जे दिवस, त्याच दिवसांत हेही उरकतं.

कडुलिंबाची पानं कोवळी नको, जून घ्या, पण पिवळी पडलेली नको. दोन मुठी पानं धुऊन फडक्यावर निथळवा आणि सावलीत पसरा. उन्हात टाकली की करपल्यासारखी होतात आणि वासही उडतो. तीन-चार दिवसांनी मुठीत दाबल्यावर पापडासारखी मोडली पाहिजेत. देठ आणि मधली शीर काढून टाका. शीर कितीही दळली तरी तिचे बारीक काटे राहतात आणि तेच हिरडीत टोचतात.

बाभळीची साल रस्त्याकडेच्या झाडाची नको, तिच्या भेगांत धूळ बसलेली असते. काष्ठौषधीच्या दुकानातली घेतली तरी ब्रशनं खरवडून धुवा, छोटे तुकडे करा आणि कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. ज्येष्ठमधाच्या काड्या आधीच वाळलेल्या असतात, तरी एक दिवस ऊन द्या.

पावसाळ्यातच करायची वेळ आली तर साल, ज्येष्ठमध आणि पानं जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर शेकून घ्या. हाताला गरम लागेल इतकंच. रंग बदलायला लागला की उतरवा.

सावधान: सोडा तव्यावर शेकू नका. मंजन दमट झालं म्हणून सगळं मिश्रणच भाजून घेणारे लोक मी पाहिले आहेत. खाण्याचा सोडा तापला की त्यातून वाफ आणि वायू निघून जातो आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. दिसायला तीच पांढरी पूड. दुसऱ्या दिवशी हिरड्या भाजल्या की मग कळतं. सोड्याचा पुडा नवाच फोडा, त्याला वाळवायची गरज नसते. लवंगही शेकू नका, तिचं तेल उडून जातं.

तपासणी: वाळवलेल्या वस्तू झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून तासभर उन्हात ठेवा. काचेला आतून धुकं आलं तर ओल बाकी आहे. परत पसरा.

टप्पा ३: कुटणं आणि वस्त्रगाळ करणं

मंजन चांगलं की वाईट ते इथं ठरतं. घाई करणारे याच टप्प्यावर घाई करतात.

गिरणीत दळून आणू नका, जात्यावरही नको. दगडाची कच पडते, आणि ती कच पिठात जिरते तशी दातांवर जिरत नाही. डंकावर तर मिरची कुटलेली असते. मिक्सर चालेल, पण चटणीचं भांडं नको. त्याच्या पात्याखाली तिखट अडकलेलं असतं, दहा वेळा धुतलं तरी वास जात नाही. मसाल्याचं छोटं भांडं या कामासाठी वेगळं ठेवा. घरात लोखंडी खलबत्ता असेल तर फक्त साल आणि ज्येष्ठमध ठेचण्यापुरता वापरा, बाकीचं मिक्सरमध्ये. तोही पूर्ण कोरडा आणि गंज नसलेला हवा.

१. साल आणि ज्येष्ठमध आधी खलबत्त्यात वेगवेगळं ठेचून घ्या. सरळ मिक्सरला लावलं तर ज्येष्ठमधाचे धागे पात्याला गुंडाळतात आणि मोटर तापते. ठेचल्यावर थोडं थोडं दळा, मध्ये थांबत. भांडं गरम होऊ देऊ नका.

२. पानं वेगळी दळा. ती लगेच होतात.

३. लवंग आणि सैंधव एकत्र दळा. नुसती लवंग दळली की तेल सुटून गोळा होतो आणि पात्याला चिकटतो. मिठाबरोबर दळली की ते तेल मीठ शोषून घेतं आणि पूड सुटी राहते. मिठाचे खडेही त्यातच मोडतात.

आता चाळणं. मैद्याच्या चाळणीनं काम होत नाही. जुन्या सुती साडीचा किंवा धुवून मऊ झालेल्या धोतराचा तुकडा दुहेरी करा, वाटीच्या तोंडावर सैलसर बांधा, मध्ये खळगा ठेवा. त्यात चमचाभर पूड घालून चमच्याच्या पाठीनं गोल फिरवा. दाबू नका. दाबलं की जाड कण धाग्यांतून जबरदस्तीनं खाली जातात आणि सगळी मेहनत वाया जाते. खाली पडेल ती पूड पावडरीसारखी मऊ असते. वर राहील ती परत दळा, परत गाळा. दोनदा दळूनही जे खाली जात नाही ते टाकून द्या.

८ ग्रॅम ज्येष्ठमध गाळायला मला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ काढूनच बसा. मिक्सर बंद असतानाही हवेत पूड उडते, तेव्हा पंखा बंद ठेवा आणि नाकाला रुमाल बांधा.

एकत्र दळलेलं लवंग-सैंधव सोडून प्रत्येक वस्तू वेगळी गाळा आणि वेगळीच ठेवा. एकत्र करून गाळली तर मऊ वस्तू आधी खाली जाते, कठीण वर राहते, आणि वजनाचं प्रमाण बिघडतं.

कॅल्शियम कार्बोनेट आणि सोडा बारीकच असतात, पण गुठळ्यांसाठी तेही एकदा कापडातून काढा.

तपासणी, तीन प्रकारे. पहिली: चिमूटभर पूड अंगठा आणि तर्जनीत पाणी लावून चोळा. रेशमासारखी घसरली पाहिजे, एकही कण बोटाला कळता कामा नये. दुसरी: सालीच्या पुडीची चिमूट काचेच्या पेल्यात पाण्यात ढवळा, दोन मिनिटं थांबा आणि वरचं पाणी हळूच ओता. तळाला चमकणारे कण राहिले तर सालीत माती आहे, ती साल टाका. तिसरी: ओली पूड जुन्या काचेच्या तुकड्यावर बोटानं चोळा आणि काच उजेडात तिरकी धरा. ओरखडे दिसले तर ती पूड तोंडात घालायची नाही. ओरखडे दिसले नाहीत म्हणून बिनघोर होऊ नका, कारण काच दाताच्या कवचापेक्षा थोडी कठीण असते आणि मुळाजवळचा दात तर कवचाहून पुष्कळ मऊ. म्हणून पहिली तपासणीच सगळ्यात महत्त्वाची.

टप्पा ४: मिसळण्याचा क्रम

सगळं परातीत ओतून ढवळलं की झालं, असं वाटतं. मग एका दिवशी काहीच चव लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी हिरडी चरचरते. २ ग्रॅम लवंग १०० ग्रॅममध्ये अशी पसरत नाही, ती जिथं पडते तिथंच गठ्ठ्यानं राहते.

थोड्यापासून जास्तीकडे जा. लवंग-सैंधवाच्या ६ ग्रॅम पुडीत साधारण तेवढीच ज्येष्ठमधाची पूड घालून चमच्यानं दोन मिनिटं फिरवा. मग उरलेलं ज्येष्ठमध, कडुलिंब आणि साल घाला. आता वाटीत जेवढं आहे तेवढंच कॅल्शियम कार्बोनेट घाला, फिरवा. परत जेवढं झालं तेवढंच. अशी दुप्पट-दुप्पट करत जा. सोडा सगळ्यात शेवटी, तोही दोन वेळा विभागून. पूर्ण मिश्रण एकदा कापडातून काढा.

रंग फिकट बदामी येतो. वाटीत चमच्याच्या पाठीनं पूड सपाट करून बघा: कुठंही तपकिरी रेघ किंवा पांढरा ठिपका दिसता कामा नये. दिसला तर अजून पाच मिनिटं.

मंजन म्हणून वापरायचं असेल तर काम इथंच संपलं. खरं सांगायचं तर आमच्या घरात निम्मे लोक हेच वापरतात.

टप्पा ५: आठवड्यापुरती पेस्ट

चार माणसांच्या घराला एका आठवड्यासाठी:

मंजन २० ग्रॅम
ग्लिसरीन २ छोटे चमचे, म्हणजे १० मिली
उकळून गार केलेलं पाणी, जास्तीत जास्त १ छोटा चमचा
पुदिन्याचं तेल १ थेंब, हवं असेल तर

ग्लिसरीन औषधाच्या दुकानातलं, आयपी लिहिलेलं. पेस्ट मऊ ठेवायचं आणि पाणी धरून ठेवायचं काम ते करतं, त्यामुळे बुरशीला मोकळं पाणी मिळत नाही. वहिनींच्या बरणीत हेच नव्हतं. तुळशीचा रस, कोरफडीचा गर, पुदिन्याचं पाणी, गुलाबपाणी हे सगळं म्हणजे बुरशीची पंगत आहे. ताजा रस घालायचाच असेल तर त्याच वेळी, वाटीत, एका घासण्यापुरता घाला.

खोबरेल तेलाबद्दल नेहमी विचारतात. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. म्हणजे थंडीत सकाळी डबीतून खणून काढावं लागतं, आणि एप्रिलमध्ये वर तेल, खाली गाळ. शिवाय थुंकलेलं तेल बेसिनच्या पाइपात थिजतं. मी दोन हिवाळे करून बघितलं आणि सोडलं.

क्रम असा. पुदिन्याचा थेंब चमचाभर कोरड्या मंजनात टाकून चोळून घ्या, मग बाकीच्यात मिसळा. सरळ ग्लिसरीनमध्ये टाकला तर तो वरच तरंगतो आणि सगळा एकाच्याच तोंडात जातो. आता मंजनात ग्लिसरीन घालून चिनी मातीच्या खलात किंवा काचेच्या वाटीत घोटा. सुरुवातीला भुसभुशीत होईल, घोटत राहिलं की पिठल्याच्या गोळ्यासारखं एकजीव होतं. मग पाणी थेंबाथेंबानं. श्रीखंडापेक्षा थोडं घट्ट राहिलं की थांबा.

अर्धा तास झाकून ठेवा. या वेळात साल आणि ज्येष्ठमध पाणी पितात आणि पेस्ट घट्ट होते. हे न कळल्यामुळे लोक आधीच जास्त कोरडं मंजन घालतात आणि दुसऱ्या दिवशी डबीत वीट सापडते. अर्ध्या तासानं फार घट्ट वाटली तर चार थेंब पाणी, पातळ वाटली तर अर्धा चमचा मंजन.

पाणी घातल्यावर फसफसलं तर कुठंतरी आंबट वस्तू शिरली आहे. वापरू नका.

लवंगेचं तेल वरून घालू नका. मंजनात लवंग आहेच. शुद्ध तेलाचा थेंब हिरडीवर पडला की पांढरा चट्टा उठतो.

टप्पा ६: भरणं आणि ठेवणं

काचेची बरणी आणि प्लॅस्टिकचं झाकण. पत्र्याचं झाकण मीठ-सोड्यानं गंजतं आणि तो गंज आत गळतो. अॅल्युमिनियम, पितळ, तांबं यांतलं काहीच नको. बरणी उकळत्या पाण्यानं धुवून पूर्ण वाळवा, मगच भरा.

मोठी बरणी न्हाणीघरात ठेवू नका. ती स्वयंपाकघरात, कोरड्या फडताळात राहील. न्हाणीत फक्त छोटी डबी, आणि ती प्रत्येकाची वेगळी. ओला ब्रश डबीत बुडवायचा नाही. एकाच्या तोंडातले जंतू सगळ्यांच्या डबीत जातात, आणि पाणी तर जातंच. छोट्या काडीनं काढून ब्रशवर लावा.

डबीवर चिठ्ठी लावा: काय घातलं, किती घातलं, कोणत्या तारखेला. कोरडं मंजन मी सहा महिने ठेवते, पेस्ट सात दिवस. आठव्या दिवशी उरलेली टाकून द्या, चांगली दिसत असली तरी. रंग बदलला, आंबूस वास आला, झाकणाला ठिपका दिसला, तर तारीख बघायची गरजच नाही.

टप्पा ७: वापर

मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, दोन मिनिटं. मंजन असेल तर ब्रश ओला करून झटका, मग चिमूटभर पूड. बोटानं घासलं तर दातांच्या फटींत काहीच पोचत नाही, आणि जोर लावायचा मोह होतो. जोरानं घासल्यानं दात पांढरे होत नाहीत, झिजतात. गिळू नका, खळखळून चुळा भरा. बेसिनवर बदामी ओघळ राहतो तो लगेच धुवा.

लिंबू पिळलेली मिसळ, सोलकढी, चिंचेचं सार किंवा सरबत घेतल्यावर लगेच दात घासू नका. आंबटानं कवच थोडा वेळ मऊ झालेलं असतं. साध्या पाण्यानं चूळ भरा आणि अर्धा तास थांबा.

नवीन मंजन पहिले तीन दिवस दिवसातून फक्त एकदा वापरा. ओठांच्या आत खाज, जिभेला चरचर, लाल चट्टे आले तर बंद करा. लवंग काहींना सोसत नाही. पुढच्या वेळी लवंग वगळून करा.

लवंगेचं आणखी एक. तिनं दुखणं बधिर होतं, कीड तशीच वाढत राहते. "मंजन सुरू केलं आणि दाढ दुखायची थांबली" असं कोणी सांगितलं की मी त्यांना आधी दाढ दाखवून यायला सांगते. गार पाण्यानं कळ येत असेल, हिरड्यांतून दोन आठवड्यांहून जास्त रक्त येत असेल, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा बरा होत नसेल, तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, तर मंजन थांबवा आणि दातांच्या डॉक्टरांकडे जा. जाताना डबी बरोबर न्या, चिठ्ठीसकट.